लाडकीचा सुदाम

बारक्याचं लग्न ठरलं आणि त्याचं जेवणावरचं लक्ष उडालं. नवऱ्या मुलाला घोर असतो तो बायको कशी निघेल याचा. बारक्याला तो नव्हता. लाडकी कशी निघाली हे तो तीस-पस्तीस वर्षं एका चुलीवरचं खाऊन बघत होता आणि त्याची काही तक्रार नव्हती. मनिष झाला, कविता झाली, घरावर कौलं चढली, मनिष वापीला कारखान्यात लागला. राहिलं होतं ते फक्त लग्न.

उधव्याकडच्या पाड्यांवर याचं कोणाला नवल वाटत नाही. दोघांचं जमलं की बाई घरात येते, भात रांधायला लागते, संसार सुरू होतो. मांडव घालून, चार गावं जेवू घालून लग्न लावणं हे सवडीचं काम. बारक्याला ती सवड कधी मिळालीच नाही. यंदा कूड पडला, पुढल्या साली बैल घेतला, त्याच्या पुढल्या साली पोरगी झाली. पण मुलाचं लग्न निघालं की आईबापाची सुटका नसते. आधी त्यांचं लागतं, मग त्याच मांडवात पोराचं. मनिषचं झरीच्या निलमशी जमलं, आणि डोक्यावरचे केस पांढरे झालेला बारक्या नवरदेव झाला.

त्याचंही त्याला काही नव्हतं. पिवळं धोतर नेसायची त्याची तयारी होती, हळद लावून घ्यायची होती, नातवंडं व्हायच्या वयात पोरींची थट्टा सोसायचीही होती. घोर होता तो गाण्याचा.

हे गाणं तुम्ही तलासरीच्या नाक्यावर पाच मिनिटं उभे राहिलात तरी ऐकाल. रिक्षात वाजतं, मोबाइलच्या दुकानात वाजतं, शाळेच्या स्नेहसंमेलनात डोक्यावर टोपल्या घेतलेल्या मुली त्याच्यावर नाचतात. मुळात ते लग्नाचं गाणं. लग्न लावणारी बाई, म्हणजे धवलेरी, मांडवात विचारते, ‘नदीपल्याडून गं कोन आला?’ आणि बायका नवरानवरीची नावं घालून उत्तर देतात. नवरी कमळी आणि नवरा शुक्रा असेल तर ‘कमळीचा शुक्रा गं आला, आला’. दुसऱ्या लग्नात दुसरी नावं. नावं आल्याशिवाय धवलेरी पुढचं कडवं घेत नाही. घेताच येत नाही तिला, कारण नदीपल्याडून कोण आलं हेच ठाऊक नसेल तर पुढे त्याचे पाय कोणी धुवायचे आणि त्याला पाट कोणी द्यायचा?

असं हे पिढ्यान्‌पिढ्या चाललं होतं. मग कॅसेटी आल्या. डहाणू रोड स्टेशनजवळ सुदाम तांडेल म्हणून धाकटी डहाणूच्या एका तरुणाने कॅसेटचं दुकान टाकलं होतं. त्याला सुचलं की आपल्याकडची लग्नाची गाणीच कॅसेटवर भरावीत. त्याने तेव्हाची सगळ्यांत नावाजलेली धवलेरी, पुतळी, हिला दुकानाच्या मागच्या खोलीत बोलावलं. पुतळी विचारणार, तर उत्तर द्यायला कोणीतरी हवं. तिने आपली भाची बरोबर नेली. भाचीचा आवाज कोवळा आणि खणखणीत होता. भाचीचं नाव लाडकी.

कॅसेट बाहेर आली आणि तिच्यात उत्तर निघालं, ‘लाडकीचा सुदाम गं आला, आला’.

आता हे नाव तिथे कसं आलं ते कोणी विचारलं नाही. गाणं चांगलं होतं, माणसं नाचायला लागली. ती कॅसेट इतकी वाजली की सुदामने तिच्या जिवावर घराचा वरचा मजला चढवला असं म्हणतात. उंबरगावकडच्या एका गायकाने ते गुजरातीत म्हटलं. शब्द सगळे बदलले, लाडकी आणि सुदाम तेवढे राहिले. मग बँजो पार्ट्यांनी उचललं. बँजोला शब्द नसतात, तरी त्या जागेवर आलं की वरातीतल्या बायका आपसूक ‘सुदाम’ म्हणायच्या. पुढे सीडी निघाली. तिच्यात सुदाम काळा चष्मा लावून चिकूच्या झाडाला टेकलेला होता. बारक्या हिवाळ्यात त्याच वाडीत चिकू काढायला जायचा. त्या झाडाला त्याने दोन मोसम हात लावला नाही, मालक विचारून थकला. एका निवडणुकीत एका उमेदवाराने सुदामला काढून आपलं नाव घातलं आणि टेम्पोवर भोंगे लावून गाणं तालुकाभर फिरवलं. तो सपाटून पडला. पाड्यावरचे लोक अजून म्हणतात, नाव तसंच ठेवलं असतं तर निदान सुदाम तरी निवडून आला असता.

आणि शेवटी डीजे. सरावलीच्या प्रविणने मूळ कॅसेटवरचा पुतळीचा आणि लाडकीचा आवाज उचलला, खाली छाती हादरवणारे ठोके घातले आणि ते मोबाइलवर सोडलं. तेव्हापासून पार नाशिककडच्या वराती लाडकीच्या सुदामवर नाचायला लागल्या.

या सगळ्या वर्षांत बारक्याने काय करावं? ताडी प्यायला बसला की कोणीतरी त्याला ‘काय सुदामभाऊ’ म्हणणारच. रिक्षात गाणं लागलं की तो बाहेर बघायचा. कोणाच्या लग्नात लागलं की त्याला हटकून लघवीला जावं लागायचं. भांडखोर असता तर चार डोकी फोडून मोकळा झाला असता. पण बारक्या स्वभावाने मऊ, त्यामुळे त्याने ते गिळलं. लाडकीला त्याने कधी विचारलं नाही. विचारलं आणि नको ते उत्तर आलं तर, ही भीती होती. त्यापेक्षा तो सगळ्यांना आपली गोष्ट सांगायचा. चैत्रात महालक्ष्मीच्या जत्रेत त्याने लाडकीला बांगड्या भरल्या, दोन वेळा पाळण्यात बसवलं, ती कशी आढेवेढे घेत होती आणि त्याने कशी तिला पटवली. ही गोष्ट पाड्यावरच्या कुत्र्यांनासुद्धा पाठ होती. लाडकी ऐकायची आणि भात वाढायची.

हे सगळं चाललं असतं. पण गेल्या उन्हाळ्यात शेजारच्या पाड्यावर एक लग्न झालं. पुतळी जाऊन आता बरीच वर्षं झाली, तिची जागा बुधी चालवते. बुधीने मांडवात विचारलं, ‘नदीपल्याडून गं कोन आला?’ आणि अख्खा मांडव सवयीने ओरडला, ‘लाडकीचा सुदाम!’ हशा झाला. बुधीने डोळे वटारले, पुन्हा विचारलं, मग खरी नावं आली. तिथे ते हसण्यावारी गेलं, कारण त्या मांडवात ना नवरी लाडकी होती, ना नवरा सुदाम.

बारक्याच्या मांडवात नवरी लाडकीच असणार होती.

म्हणजे निम्मं नाव बरोबर येणार. इथेच बारक्याचा घास अडकला. आयुष्यात एकदा लग्न, तेही या वयात, आणि चार गावांसमोर आपली बायको धाकटी डहाणूच्या कुठल्याशा सुदामला लावून द्यायची. मग पुढे आपण मनिषच्या लग्नात कोण म्हणून उभं राहायचं? हे तो कोणाला बोलला नाही, पण ते त्याच्या जिव्हारी लागलं होतं आणि त्याला खरंच रडू येईल असं वाटायचं.

विचार करकरून त्याने एक तोड काढली. लोकांच्या जिभेला वळण गाण्याने लावलं, तर गाण्यानेच मोडावं. प्रविणकडून ‘लाडकीचा बारक्या’ असं नवीन गाणं करून घ्यायचं. ते लग्नाच्या आधी महिनाभर तलासरीपासून डहाणूपर्यंत सगळ्या टेम्पोवर वाजवायचं. तोपर्यंत जिभा वळतील.

एस.टी.ने तो सरावलीला गेला. प्रविणचा स्टुडिओ म्हणजे घराच्या माळ्यावरची एक खोली होती. भिंतीला अंड्यांचे ट्रे चिकटवलेले, मध्ये कॉम्प्युटर. प्रविणने त्याला खुर्ची दिली, चहा मागवला आणि ऐकून घेतलं.

“काका, नाव बदलायला पाच मिनिटं लागतात,” तो म्हणाला. “पण आवाज कोणाचा घालू? लोकांना काकूंचा तेव्हाचाच आवाज पाहिजे. दुसऱ्या कोणाकडून गाऊन घेतलं ना, की पब्लिक बोलणार डुप्लिकेट.”

“मग लाडकीलाच आणू?”

“आता काकूंचा आवाज तसा राहिला असेल का? कोवळा?”

बारक्याने प्रामाणिकपणे मान हलवली. लाडकीचा आवाज आता शेताच्या दुसऱ्या टोकाला असलेल्या गुरांना कळतो, पण त्याला कोवळा म्हणता येणार नाही.

प्रविणने जरा विचार केला. “एक काम करा. सुदामकाकांकडे जा. एवढं गाणं काही एका दमात होत नाही. आधी दोन-तीन वेळा फसतं. फसलेलं त्यांनी ठेवलं असेल तर त्याच्यात कदाचित दुसरं नाव सापडेल. मी जोडून देतो.”

सुदामकडे जा. ज्याच्या टेकायच्या झाडालाही बारक्याने हात लावला नव्हता, त्याच्याकडे. पण लग्न पुढ्यात होतं. तो स्टेशनला आला, रिक्षात बसला आणि खाडीकडे निघाला. वाटेत रिक्षावाल्याने गाणं लावलं. कुठलं ते सांगायला नको.

इतकी वर्षं बारक्याने सुदाम मनात रंगवला होता. उंच, कुरळ्या केसांचा, गळ्यात साखळी, चालताना हात हलवणारा. धाकटी डहाणूत विचारत विचारत तो एका दुमजली घराशी पोचला. अंगणात एक बुटका, टकला, पोट सुटलेला म्हातारा लुंगी नेसून बसला होता आणि जाळ्यावर सुकत घातलेले बोंबील उलटे करत होता. कानात ऐकायचं यंत्र होतं. घरातून एक बाई ओरडत होती की कडेचे बोंबील तसेच राहिलेत.

“सुदाम तांडेल?” बारक्याने विचारलं.

“मीच. काय पायजे?”

“मी बारक्या. उधव्याकडून आलो. लाडकीचा...” बारक्या अडखळला. “लाडकीचा घरवाला.”

सुदामच्या हातातला बोंबील खाली पडला. तो उठला, दोन पावलं मागे सरला आणि त्याने घराकडे पाहिलं. बारक्याला त्या घटकेला कळलं की हा माणूस आपल्याला घाबरतो. इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्याला थोडं बरं वाटलं.

घरातली बाई हात पुसत बाहेर आली. ती चंद्रिका, सुदामची बायको. तिने बारक्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

“बसा भाऊ,” ती म्हणाली. “मी तुमचीच वाट बघत होते. माझ्या लग्नात आमच्या वरातीला बँजोवाल्यांनी हेच गाणं वाजवलं. नवरी मी चंद्रिका, आणि सगळी वरात ओरडते लाडकी, लाडकी. तवापासून यांना विचारते, ही लाडकी कोण? तर म्हणतात, मना आठवत नाय.”

“मना खरंच आठवत नाय,” सुदाम काकुळतीने म्हणाला. “दिवसाला दहा-दहा गाणी भरायचो. बाया यायच्या, गायच्या, जायच्या. या बाईचं तोंडपण आठवत नाय मना.”

बारक्याला ते खरं वाटलं. म्हणजे ज्याच्यावर तो आयुष्यभर जळला त्याला काही पत्ताच नव्हता. त्याने येण्याचं कारण सांगितलं. सुदाम वरच्या मजल्यावर गेला आणि बऱ्याच वेळाने खोकत खाली आला. त्याच्या हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला टेपरेकॉर्डर होता आणि एक कॅसेट. दुकान बंद केलं तेव्हा त्याने सगळं विकलं होतं, पण हिच्या जिवावर घर उभं राहिलं म्हणून ही तेवढी ठेवली होती. मूळ कॅसेट, फसलेल्या भागासकट.

ओसरीवर तिघं बसले. सुदामने बटण दाबलं. आधी खरखर, मग ढोलक, आणि मग पुतळीचा आवाज. मेलेलं माणूस समोर बसून गात होतं.

‘नदीपल्याडून गं कोन आला?’

उत्तर नाही. ढोलक दोन ठेके पुढे जाऊन थांबलं.

‘म्हण ना गं,’ पुतळी म्हणाली. तिच्या आवाजात हसू होतं. ‘म्हण, लाडकीचा बारक्या.’

बारक्या सरळ बसला. त्याचं नाव होतं तिथे. पुतळीच्या तोंडून, स्पष्ट. कॅसेटवर पुन्हा ढोलक सुरू झालं, पुतळीने पुन्हा विचारलं आणि पुन्हा कोणी उत्तर दिलं नाही. बांगड्या किणकिणल्या, बस.

‘काय गं, दातखीळ बसली?’

तिसऱ्यांदाही तेच. मग एका तरुण माणसाचा वैतागलेला आवाज आला. ‘बाय, कॅसेट फुकट चाललीय. नाव राहू द्या. पुढचं घ्या.’

‘नावाशिवाय पुढे जाता येत नाय, बाबा.’

‘मग कोणाचं पण घ्या. माझं घ्या. सुदाम म्हणा आणि उरका.’

ढोलक वाजलं. पुतळीने विचारलं, ‘नदीपल्याडून गं कोन आला?’ आणि लाडकीने लगेच, गळा मोकळा सोडून उत्तर दिलं, ‘लाडकीचा सुदाम गं आला, आला.’

सुदामने टेप बंद केला. “सापडलं की,” तो खूश होऊन म्हणाला. “पुतळीबायने घेतलंय तुमचं नाव. प्रविणला पाठवतो, तो जोडेल.”

पण बारक्या पडेल चेहऱ्याने जमिनीकडे बघत होता. ज्यासाठी आला ते मिळालं होतं आणि त्याला ते नकोसं झालं होतं. तीन वेळा विचारलं. तीनही वेळा तिला त्याचं नाव घेववेना. आणि या अनोळखी माणसाचं नाव तिने कसं चटकन घेतलं, कसं गळा काढून. म्हणजे तिच्या मनात आपण नव्हतोच. जत्रा, बांगड्या, पाळणा, सगळं तिने नुसतं चालवून घेतलं. त्याच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं आणि ते लपवायचं त्याला सुचलं नाही.

चंद्रिका त्याच्याकडे बघत होती. मग ती हसायलाच लागली. पदर तोंडाला लावून, खांद्यांना हिसके देत.

“अवो भाऊ,” ती म्हणाली, “तुमची घरवाली तुम्हाला हाक कशी मारते?”

“मनिषचा बाप म्हणते. नायतर अरे, ए.”

“नावाने?”

“घरवाल्याचं नाव बायमाणूस कसं घेईल?”

“मी यांचं घेते? मरेपर्यंत नाय घेणार. पण मासळीवाल्या दहा गड्यांची नावं दिवसभर घेते.” तिने टेपरेकॉर्डरकडे बोट दाखवलं. “त्या पोरीने तुमचं नाव नाय घेतलं. यांचं पटकन घेतलं. आता तुम्हीच सांगा, तिने घरवाला कोणाला धरला होता?”

बारक्याने सुदामकडे वळून विचारलं, “ही कॅसेट भरली कवा?”

“दिवाळीत. पणत्या होत्या दुकानात, तेवढं आठवतं. त्या दिवाळीतच दुकानाला पहिलं वर्ष झालं.”

जत्रा त्याच्या पुढल्या चैत्रात होती. दिवाळीपर्यंत बारक्या लाडकीशी धड चार शब्दही बोलला नव्हता. पुतळीच्या घरी तो उगाच कोयता मागायला जायचा, कोयता परत द्यायला जायचा, आणि आत बसलेल्या तिच्या भाचीकडे बघून घरी यायचा. चैत्रापर्यंत त्याने सगळा धीर गोळा केला, बांगड्या भरल्या, पाळण्यात बसवलं, तिला पटवली म्हणून सगळीकडे मिरवलं. आणि ती तिकडे दिवाळीतच त्याचं नाव घ्यायचं थांबली होती.

“पाठवू ना प्रविणला?” सुदामने पुन्हा विचारलं.

“थांबा जरा,” बारक्या म्हणाला. “घरी जाऊन सांगतो.” निघताना चंद्रिकाने त्याला सुक्या बोंबलांची पिशवी बांधून दिली आणि त्याने दोघांना लग्नाचं आवतण दिलं. सुदामने आधी बायकोकडे पाहिलं, मग हो म्हटलं.

घरी पोचला तेव्हा लाडकी पडवीत नाचणी पाखडत होती. आत सवाशिणी, तांदळाच्या पिठाने लग्नाचा चौक लिहायची ती भिंत आतापासूनच सारवायला बसल्या होत्या, त्यांची गाणी ऐकू येत होती. बारक्याने पिशवी ठेवली आणि तो तिच्यासमोर उकिडवा बसला.

“सुदामकडे गेलो होतो.”

“कोण सुदाम?” लाडकी म्हणाली आणि सूप चालू ठेवलं.

“कॅसेटवाला. फसलेली कॅसेट ऐकली. तू गप्प बसलीस ती.”

सूप थांबलं. लाडकीचं तोंड लालबुंद झालं. या वयात बाईचं तोंड असं लाल होतं हे बारक्याला ठाऊक नव्हतं.

“आत्या म्हणाली होती ते पुसून टाकतात,” ती म्हणाली.

“इतकी वर्षं सांगितलं का नाय? लोक मना सुदाम सुदाम करतात.”

“तू विचारलंस कवा? गाणं लागलं की उठून जातोस.” तिने सूप खाली ठेवलं. “आणि काय सांगू? तू सगळीकडे सांगत फिरतोस, मी पटवली, मी पटवली. म्हटलं, सांगू दे. बरं वाटतं त्याला.”

“मग जत्रेत आढेवेढे का घेतलेस?”

“पाळण्याची भीती वाटत होती,” लाडकी म्हणाली. “तुझी नाय.”

बारक्या हसला तो थांबेचना. आत गाणाऱ्या बायकांनी गाणं थांबवून बाहेर डोकावून पाहिलं. त्या संध्याकाळी तो भरपेट जेवला, बोंबलाची चटणी दोनदा मागून घेतली. दुसऱ्या दिवशी त्याने प्रविणला फोन लावला आणि सांगितलं की नाव सापडलं, पण गाणं आहे तसंच राहू दे. प्रविण म्हणाला, काका, नाव मिळालंय, पाच मिनिटांचं काम आहे. बारक्या म्हणाला, सुदामच राहू दे, चांगला माणूस आहे. प्रविणला काही कळलं नाही.

लग्नाला चार गावं लोटली. आधी म्हाताऱ्या जोडप्याचं, मग पोरांचं. मनिष आणि निलम बाजूला हळद लावून, आपली पाळी येईपर्यंत मोबाइलवर आईबापाचे फोटो काढत उभे होते. सुदाम इस्त्रीचा शर्ट घालून चंद्रिकेबरोबर मागच्या रांगेत बसला होता. त्याने आपलं नाव कोणाला सांगितलं नव्हतं आणि सांगणारही नव्हता.

पिवळ्या धोतरातला बारक्या आणि पिवळ्या लुगड्यातली लाडकी चौकासमोर बसले. बुधीने तांदळाला हात लावला, डोळे मिटले आणि विचारलं, ‘नदीपल्याडून गं कोन आला?’

‘लाडकीचा सुदाम!’ अख्ख्या मांडवाने दणकून उत्तर दिलं. पोरांनी शिट्ट्या मारल्या. मागच्या रांगेत सुदामने डोकं गुडघ्यात घातलं.

बुधी भडकली. “तोंडं बंद,” ती म्हणाली. “लग्न लावतेय, वरात नाय काढत. आता कोणी बोलायचं नाय. जिने हे नाव लोकांच्या तोंडात घातलं, तीच काढेल.” ती लाडकीकडे वळली. नवरीने गायची पद्धत नव्हती, पण बुधीच्या रागापुढे कोण बोलणार? तिने पुन्हा, नुसतं लाडकीसाठी, हळू सुरात विचारलं, ‘नदीपल्याडून गं कोन आला?’

सगळ्यांचे डोळे लाडकीच्या तोंडाकडे लागले. लाडकीने खाली पाहिलं. तिने ओठ घट्ट मिटून घेतले होते. ढोलकवाल्याने दोन ठेके दिले आणि तो थांबला.

बुधीने पुन्हा विचारलं. लाडकी पुन्हा गप्प. आता कुजबुज सुरू झाली. कोणीतरी म्हातारी म्हणाली, नाव येईना तर पुढे कसं जायचं, लग्न अडलं की. कविता आईच्या कानाशी लागून सांगायला लागली, बोल ना आये, एकदा बोल ना.

बारक्या बायकोकडे बघत होता. तिच्या कपाळावरची हळद घामाने ओली झाली होती आणि बोटं लुगड्याच्या काठाशी चाळा करत होती. अख्ख्या मांडवात तिलाच एकटीला त्याचं नाव घेता येत नव्हतं. बारक्याचा ऊर भरून आला. असं सुख त्याला ना मनिष झाला तेव्हा झालं होतं, ना घरावर कौलं चढली तेव्हा.

“बुधीबाय,” तो म्हणाला, “नाव सांगितलं तिने. पुढचं घे.”

बुधीने त्याच्याकडे पाहिलं, मग लाडकीच्या मिटलेल्या ओठांकडे पाहिलं. तीही कोणाची तरी घरवाली होती. तिने तांदळाची मूठ उचलली, दोघांच्या डोक्यावर टाकली आणि आलेल्याचे पाय धुवायचं कडवं सुरू केलं.